'ओके' म्हणण्यापूर्वी...

जालन्याच्या मोंढ्यात व्यापारी माल पारखून 'ओके' म्हणतो, मग काटा होतो. सळई भरून निघालेल्या ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' असते. राज्य शासनाने २०१५ साली असे लिहिण्यावर बंदी घातली, तरी ते लोकांच्या तोंडून पुसले गेले नाही. भोकरदनचा मिस्त्री 'गाडी ओके' म्हणतो तेव्हा ती दुरुस्त झालेली असते आणि अंबडची आजी 'तब्येत ओके हाय' म्हणते तेव्हा ती बरी झालेली असते. फोन ठेवतानाही ओके. आणि भांडणात 'ओके, बघून घेतो' म्हटले की तीच धमकी!

एवढे अर्थ पोटात घेणारा हा शब्द जन्मला थट्टेतून. २३ मार्च १८३९ रोजी अमेरिकेतील बोस्टनच्या एका दैनिकाने 'ऑल करेक्ट' या शब्दांच्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरे छापली. १८४० च्या निवडणुकीत अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावासाठी तीच अक्षरे वापरली. व्हॅन ब्युरेन पडले, ओके मात्र टिकला! हे मूळ शोधून काढणारे अ‍ॅलन वॉकर रीड कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. त्याच विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले.

आमच्या आजा-पणजाच्या तोंडी होकारासाठी काय होते? 'जी मायबाप!' त्या होकारात मान खाली आणि हात जोडलेले असत. कारण नकार द्यायची सोयच या व्यवस्थेने ठेवली नव्हती. ओके म्हणताना मान झुकवावी लागत नाही. तो साहेबही म्हणतो आणि शिपाईही. म्हणूनच हा शब्द आम्हाला परका वाटत नाही.

पण मित्रहो, शब्द बदलला म्हणून व्यवस्था बदलली काय? २०२२ साली गुवाहाटीच्या हॉटेलातून एका आमदाराचे 'ओकेमध्ये' महाराष्ट्रभर गाजले. त्याच ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' अशी घोषणा देत फुटीर आमदारांवर आरोप केला. सत्तेच्या वर्तुळातील ओके हा असा सौद्याचा शब्द म्हणून बदनाम झाला. गावकुसाबाहेरच्या माणसाकडून मात्र ओके घेतला जातो तो घाईघाईत. 'सगळं ओके आहे, कर इथं सही!'

ही सही महागात पडते. अत्याचाराची फिर्याद द्यायला गेलेल्या माणसाने तोंडी काय सांगितले आणि कागदावर काय उतरले, यात एका वाक्याचा फरक पडला तरी खटला लंगडा होतो. म्हणूनच २०१५ साली दुरुस्त झालेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ ने अधिकाऱ्याचे कर्तव्य लिहूनच ठेवले आहे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती सहीपूर्वी वाचून दाखवायची, योग्य कलमे लावून गुन्हा नोंदवायचा आणि नोंदीची प्रत फिर्यादीला तत्काळ द्यायची. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाने हे कर्तव्य जाणूनबुजून टाळले, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे.

हे कलम जालन्याच्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात वाचले गेले पाहिजे. 'शिका' याचा एक अर्थ सही करण्यापूर्वी वाचा, असाही आहे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा, चूक असेल तर दुरुस्त करायला लावा, प्रत हातात घ्या. मगच म्हणा, ओके!