पाणबुडीतून वीज केंद्रात

अमेरिकी नौदलात अणुपाणबुडीवर सहा-आठ वर्षं काढलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा पुढच्या नोकरीसाठी त्याला फार चपला झिजवाव्या लागत नाहीत. कुठलं तरी अणुवीज केंद्र त्याला उचलतं. कारण सरळ आहे : तिथली भट्टी बहुधा त्याच्या ओळखीची असते. अमेरिकेतल्या वीज केंद्रांत सर्वाधिक दिसणारी, दाबाखालच्या पाण्यावर चालणारी अणुभट्टी आधी पाणबुडीसाठी घडली. विजेच्या कामाला ती नंतर लागली.

ती घडवून घेतली हायमन रिकोव्हर या खाष्ट नौदल अधिकाऱ्याने. मुलाखतीला येणारा उमेदवार अवघडून बसावा म्हणून खुर्चीचे पुढचे पाय कापून ठेवणारा हा गृहस्थ. तांत्रिक निर्णय मात्र तो थंड डोक्याने घेई. पाण्याला पर्याय होता वितळलेल्या सोडियमचा. ‘सीवुल्फ’ या पाणबुडीत तो वापरूनही पाहिला गेला आणि थोड्याच काळात काढून टाकला. पाण्याशी गाठ पडताच पेटणारा धातू घेऊन समुद्राच्या पोटात फिरणं तसं धाडसाचंच होतं.

पाण्याच्या भट्टीची खुबी पाहण्यासारखी आहे. वीज केंद्रात गाभ्यातून फिरणारं पाणी वातावरणाच्या दीडशे पटीच्या दाबाखाली असतं. त्यामुळे तापमान 300 अंशांच्या वर गेलं तरी ते उकळत नाही. आपल्या कुकरचंच तत्त्व, फक्त कुठल्या कुठे नेलेलं. हे पाणी नळ्यांतून जाताना आपली उष्णता बाहेरच्या वेगळ्या पाण्याला देतं, त्याची वाफ होते आणि टर्बाइन फिरतं. पण गाभ्यातल्या पाण्याकडे आणखी एक काम असतं : न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्याचं. मंदावलेले न्यूट्रॉनच युरेनियमचं केंद्रक सहज फोडतात. आता पाणबुडीच्या कप्तानाने वेग वाढवायचा हुकूम दिला, असं समजा. टर्बाइनची झडप उघडते, वाफ जास्त ओढली जाते आणि गाभ्याकडे परतणारं पाणी जरा थंड होतं. थंड पाणी अधिक दाट, म्हणून न्यूट्रॉन अधिक मंदावतात, विखंडन वाढतं, भट्टीची शक्ती चढते. वेग उतरवला की सगळं उलट. नियंत्रक कांड्यांना कुणी हातही लावलेला नसतो. वाफेची मागणी वाढेल-घटेल तशी भट्टी आपोआप तिच्या मागोमाग जाते.

‘नॉटिलस’ ही अशी पहिली पाणबुडी. 17 जानेवारी 1955 रोजी तिने धक्का सोडला तेव्हा अणुशक्तीवर निघाल्याचा संदेश पाठवणारा कप्तान होता यूजीन विल्किन्सन. नौदल अकादमीतून न आलेल्या या माणसाला पहिल्या अणुपाणबुडीचं नेतृत्व मिळालं, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं होतं. त्याचं नाव लक्षात ठेवा.

डिसेंबर 1957 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शिपिंगपोर्टला 60 मेगावॉटचं वीज केंद्र सुरू झालं. तेही रिकोव्हरच्याच देखरेखीखाली. विमानवाहू जहाजासाठी आखलेल्या भट्टीची ती जमिनीवरची आवृत्ती. पुढच्या वीस वर्षांत भट्ट्या भराभर वाढत हजार मेगावॉटच्या घरात गेल्या आणि त्या चालवायला नौदलाची माणसं आली. यंत्र वाढलं, माणसांच्या सवयी मात्र जुन्या मापाच्या राहिल्या.

28 मार्च 1979, पहाटे चार. थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत पाणीपुरवठ्याचे पंप थांबले आणि काही सेकंदांत भट्टी आपोआप बंद झाली. इथवर सारं ठीक होतं. पण दाब सोडण्यासाठी उघडलेली झडप मिटलीच नाही. पॅनेलवरचा दिवा विझला, त्याचा अर्थ एवढाच की झडपेला मिटण्याची आज्ञा गेली. ती मिटली की नाही हे दिवा सांगत नव्हता. पाणी वाहून जात होतं आणि दाब सांभाळणाऱ्या टाकीतली पातळी उलट वर चढत होती. पाळीवरचे चालक सगळे नौदलात तयार झालेले. ती टाकी पाण्याने काठोकाठ भरू द्यायची नाही, वर वाफेचा थर राहिलाच पाहिजे, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी आपत्कालीन पंपांनी सोडलेलं पाणीच कमी केलं.

लहान भट्टीत ही सवय योग्य ठरली असती. पण बंद केलेली अणुभट्टी थंड नसते. किरणोत्सारी अवशेषांमुळे पहिल्या क्षणी तिच्यात पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. या भट्टीची औष्णिक क्षमता होती सुमारे 2,700 मेगावॉट. म्हणजे बंद झाल्यावरही दीडशेहून अधिक मेगावॉट उष्णता; ‘नॉटिलस’चे पंखे फिरायचे ते जेमतेम दहा मेगावॉटवर. जवळपास अर्धा गाभा वितळला. याहून चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. दीड वर्ष आधी ओहायोतल्या एका केंद्रात अशीच झडप अडकली होती आणि तिथल्या चालकांनी ती वेळेत ओळखली होती. तो अनुभव थ्री माइल आयलंडपर्यंत पोहोचलाच नव्हता.

अपघातानंतर वीज कंपन्यांनी एकमेकांची तपासणी करणारी संस्था काढली, ‘इन्पो’. तिच्या प्रमुखपदी आले निवृत्त व्हाइस ॲडमिरल विल्किन्सन, तेच ‘नॉटिलस’चे कप्तान. दुसऱ्या केंद्रांतले अभियंते येतात, चालकांच्या पाठीशी उभे राहून काम पाहतात, दोष लिहितात, श्रेणी देतात. ती श्रेणी इतर कंपन्यांच्या प्रमुखांदेखत जाहीर होऊ लागली. विम्याचा हप्ताही तिच्यावर ठरू लागला. 1980च्या आसपास अमेरिकी अणुवीज केंद्रं क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आतबाहेर वीज देत. गेली वीसेक वर्षं हे प्रमाण नव्वदच्या आसपास आहे. श्रेय एकट्या तपासणीचं नाही, पण तिचा वाटा मोठा आहे. माझ्या मते नौदलाने वीज उद्योगाला दिलेली खरी देणगी भट्टी नव्हे, ही शिस्त आहे.

चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर 1989 मध्ये याच धर्तीवर ‘वानो’ ही जागतिक संघटना उभी राहिली. भारतीय अणुवीज केंद्रंही तिच्या तपासणीत येतात. भारताने ‘अरिहंत’ पाणबुडीची भट्टी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आखली, म्हणजे पाणबुडी आणि वीज या दोन्ही वाटा आपल्याकडेही आहेत. फक्त ‘इन्पो’ असो की ‘वानो’, अहवाल गोपनीय राहतात. चालक मोकळेपणी बोलावेत म्हणून हे पथ्य, आणि ते रास्तही आहे. पण तारापूर अणुवीज केंद्राच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या पालघरकराला निदान निष्कर्षांचा सारांश तरी मिळायला हवा.