‘जात असे’ आणि ‘सवय आहे’ : इंग्रजीतील ‘यूज्ड टू’चे दोन अर्थ

पांढुर्णा व सौंसर या भागात घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि शाळेत त्यांच्या जोडीला इंग्रजी, असा तीन भाषांचा व्यवहार चालतो. येथील विद्यार्थी इंग्रजी शिकू लागले म्हणजे ‘यूज्ड टू’ या दोन शब्दांपाशी हटकून अडखळतात. मराठीत ज्या दोन गोष्टी सर्वस्वी निरनिराळ्या रीतीने सांगितल्या जातात, त्या दोहोंसाठी इंग्रजीत वरकरणी एकच शब्दजोडी येते, हे त्याचे कारण होय.

पहिली गोष्ट म्हणजे गतकाळातील रिवाज अथवा स्थिती. मराठीत त्यासाठी रीतिभूतकाळ आहे : ‘मी जात असे’, ‘आजोबा पहाटे उठत’. इंग्रजीत हा अर्थ ‘यूज्ड टू’ व त्यापुढे मूळ क्रियापद योजून व्यक्त होतो. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा नॅरो गेज गाडी मार्गाच्या रुंदीकरणासाठी २०१५ साली बंद झाली. तिच्याविषयी ‘नॅरो गेज ट्रेन्स यूज्ड टू रन थ्रू सौंसर’ असे म्हणता येईल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. म्हणून ‘नागपूर यूज्ड टू बी द कॅपिटल ऑफ मध्य प्रदेश’. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी तो भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता, हेही याच रचनेत सांगता येते. या प्रत्येक वाक्यात ‘पूर्वी होते, आता नाही’ हा अर्थ गर्भित असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे परिचय, सराव. मराठीत आपण ‘सवय आहे’, ‘अंगवळणी पडले आहे’ असे म्हणतो. इंग्रजीत येथे ‘यूज्ड टू’च्या आधी ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ किंवा ‘वॉज’ यांसारखे रूप येते व पुढे नाम अथवा ‘इंग’ प्रत्ययान्त रूप येते : ‘पीपल हिअर आर यूज्ड टू स्पीकिंग टू लँग्वेजेस’, म्हणजे येथील लोकांना दोन भाषा बोलण्याची सवय आहे. सवय हळूहळू जडत असेल, तर ‘गेट यूज्ड टू’ म्हणावे.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. मुलाखतीत एखादा उमेदवार ‘आय यूज्ड टू वर्क ऑन अ कॉम्प्युटर’ असे म्हणाला, तर ‘पूर्वी करीत असे, आता करीत नाही’ असाच बोध ऐकणाऱ्यास होतो. त्याला सांगावयाचे असते सवयीविषयी. तेव्हा ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ऑन अ कॉम्प्युटर’ हेच वाक्य योग्य होय. एका छोट्या शब्दाच्या अभावी अंगी असलेले कौशल्य नसल्यासारखे ठरते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या दोन्ही अर्थी उच्चार ‘यूस्ट टू’ असा होतो. ‘वापरले’ या अर्थाच्या ‘यूझ्ड’हून तो वेगळा आहे. पहिल्या अर्थाच्या नकारात किंवा प्रश्नात ‘डिड’ आले की ‘यूज्ड’चा अखेरचा ‘डी’ लोपतो. आजच्या नित्यक्रमासाठी ‘आय यूज टू गो’ ही रचना अशुद्ध आहे. तेथे ‘आय यूज्वली गो’ म्हणावे. गतकाळातील पुनःपुन्हा घडणाऱ्या क्रियेसाठी ‘वुड’ही चालते, परंतु राजधानीच्या उदाहरणासारख्या स्थितीसाठी ते चालत नाही.

शंका आल्यास विद्यार्थ्यांनी वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावे. ‘करीत असे’ हा अर्थ निघाला तर ‘यूज्ड टू’पुढे मूळ क्रियापद घालावे, ‘सवय आहे’ असा निघाला तर आधी ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ यांपैकी योग्य रूप व पुढे ‘इंग’ योजावे. या कामी मातृभाषा हीच विद्यार्थ्याची खरी मार्गदर्शक होय.