उंदीर नुसते मारून संपत नाहीत

‘पालिका उंदरांसाठी काही करतच नाही,’ असं मुंबईत सर्रास म्हटलं जातं. खरं तर हे काम बरंचसं आपण झोपल्यावर चालतं. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे मूषक संहारक काठी आणि बॅटरी घेऊन रात्रभर इमारतींमधल्या अरुंद हाऊसगल्ल्या आणि बाजार पालथे घालतात. एका रात्रीत किमान 30 उंदीर मारायचे, अशी त्यांना अट असते. दिवसा पिंजरे लावणं आणि बिळांत विषारी गोळ्या टाकून ती बुजवणं सुरू असतं. शहराच्या आरोग्याचं इतकं कष्टाचं काम क्वचितच दुसरं असेल.

मग उंदीर कमी का होत नाहीत? मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं होतात आणि दोन-तीन महिन्यांत तीही वितात. खायला मिळतंय तोवर मेलेल्यांची जागा भरत राहते. खिडकीतून हाऊसगल्लीत फेकलेलं शिळं अन्न रात्रपाळीची मेहनत वाया घालवतं. मांजर पाळूनही हा प्रश्न सुटत नाही. घुशीच्या वाटेला तर मांजर सहसा जातही नाही.

‘बिळात टाकतात तीच गोळी घरात ठेवू,’ हा समज जीवघेणा आहे. त्या गोळीत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलाव्यानेही त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसांचा, आधी लहान मुलांचा, जीव घेतो. ही गोळी उघड्यावरच्या बिळांसाठी आणि प्रशिक्षित हातांसाठीच आहे. घरात पिंजरा लावा, भिंतीतली भोकं आणि पाइपांभोवतीच्या फटी बुजवा.

‘उंदीर चावला तरच रोग होतो,’ हेही चूक. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून तुंबलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या साध्या खरचटण्यातून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची साथ पसरली होती. गुरं आणि कुत्र्यांच्या मूत्रातूनही हे जंतू पसरतात. म्हणून तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्या. पुढे ताप आलाच, तर अंगावर काढू नका आणि पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.