शॅम्पेनचा खडू आणि थंडी

शॅम्पेन हे नाव आपल्या कानी पडते ते बहुधा एखाद्या समारंभाच्या निमित्ताने. जहाजाचे जलावतरण झाले, सामना जिंकला, की बूच उडाल्याचे वर्णन वृत्तपत्रांत येते. परंतु हे मूळचे एका प्रदेशाचे नाव आहे, आणि त्या प्रदेशाची प्रकृती मुळीच समारंभी नाही. पॅरिसच्या पूर्वेस सुमारे दीडशे किलोमीटरवर, राँस आणि एपर्ने या शहरांभोवतीच्या उतारांवर तेथील द्राक्षमळे पसरलेले आहेत. अक्षांश ४९च्या आसपास. वर्षाचे सरासरी तापमान जेमतेम ११ अंश. द्राक्षशेतीची ही उत्तरेकडील जवळजवळ शेवटची हद्द, असे दीर्घकाळ मानले गेले.

नाशिककडचा बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलात खरडछाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी; कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही. शॅम्पेनमध्ये ती सारा हिवाळा निश्चेष्ट असते. वसंतात डोळे फुटतात, आणि एप्रिलातील एखाद्या रात्रीचे गोठलेले दहिवर कोवळी फूट करपवून टाकते. २०२१ साली तसेच झाले. पुढे उन्हाळाही सौम्य. द्राक्ष पिकते, पण त्यातील आंबटपणा जात नाही. खाण्यासाठी असा घड कोणी हौसेने घेणार नाही. या मद्याचा प्राण मात्र त्या आंबटपणातच आहे.

जमिनीखाली खडूचा थर आहे, प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला. तो स्पंजासारखा पाणी धरतो, आणि कोरड्या दिवसांत मुळांना ते हळूहळू पुरवतो. राँस शहराखाली रोमन काळात दगडासाठी खणलेल्या खडूच्या खाणी आहेत. आज त्यांत बाटल्या निजतात. पहिल्या महायुद्धात शहरावर तोफा डागल्या जात असता तळघरांतच माणसे राहिली, मुलांच्या शाळाही तेथेच भरल्या.

मुख्य द्राक्षे तीन: पिनो न्वार, मनिये आणि शार्दोने. पहिली दोन काळी आहेत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, रसात नसतो. म्हणून घड हातांनीच खुडावे लागतात आणि अलगद दाबावे लागतात. चार हजार किलो द्राक्षांतून २,५५० लिटरहून अधिक रस घेण्यास परवानगी नाही.

आता बुडबुड्यांविषयी. दों पेरिन्यों नावाच्या साधूने ते शोधून काढले, ही कथा गोड आहे, पण खरी नाही. १७१५ साली निवर्तलेल्या त्या साधूची कीर्ती निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षे मेळवण्यात होती; बुडबुडे त्या काळी दोषच समजले जात. करामत थंडीची होती. हिवाळ्यात रसाचे आंबणे अर्धवट थांबे, वसंतात पुन्हा सुरू होई, आणि बंद बाटल्या फुटत. पुढे हाच उपद्रव मुद्दाम घडवून आणला जाऊ लागला. तयार मद्यात साखर व यीस्ट घालून बाटली बंद करतात. आतला वायू बाहेर न जाता मद्यात मुरतो. सुमारे सहा वातावरणांचा हा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक असतो. मृत यीस्टचा गाळ काढणे ही मोठी अडचण होती. सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेल्या क्लिको नावाच्या बाईंच्या पेढीत, १८१६च्या सुमारास, बाटल्या भोके पाडलेल्या फळीत उलट्या खोचून रोज थोड्या फिरवण्याची युक्ती निघाली. गाळ मानेत उतरतो आणि बूच काढताच बाहेर फेकला जातो.

एवढ्या कष्टाचे नाव कोणी वापरावे, यावरून तंटा होणे अपरिहार्य होते. १९०८ साली सरकारने प्रदेशाची सीमा ठरवली आणि दक्षिणेचा ओब जिल्हा वगळला. वेलीवरील फिलॉक्झेरा कीड, बुडालेली पिके आणि बाहेरची स्वस्त द्राक्षे आणणारे व्यापारी यांनी शेतकरी आधीच गांजले होते. १९११ साली मार्न जिल्ह्यात दंगे उसळले. ओबला पुन्हा आत घेण्याचे वारे वाहू लागताच एप्रिलात आय या गावी मद्याची कोठारे जाळण्यात आली, आणि लष्कर बोलवावे लागले. नकाशावर रेघ ओढणाऱ्या कारकुनाच्या लेखणीखाली किती संसार असतात, हे सरकारी नोकरीत थोडी वर्षे काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ओबला पूर्ण हक्क मिळाला तो १९२७च्या कायद्याने.

ती रेघ आज पक्की आहे. हवामान मात्र तिला जुमानत नाही. पूर्वी सप्टेंबरच्या उत्तरार्धात होणारी तोडणी आता ऑगस्टातही सुरू होते. २००३च्या उष्ण वर्षी ती तशीच झाली. द्राक्षात साखर वाढते, आंबटपणा उतरतो. काही वर्षे याचा लाभच झाला, कारण कच्च्या पिकाची जुनी भीती ओसरली. पण आंबटपणा फार घटला तर हे मद्य निराळेच होईल, याची चिंता तेथील जाणत्यांना आहे. २०१५ साली राँसच्या तेतँजे या जुन्या पेढीने इंग्लंडात केंट परगण्यात जमीन घेतली आणि तेथील खडूवर याच तीन जातींचे वेल लावले. पद्धत तीच, द्राक्षे तीच. परंतु त्या बाटलीवर शॅम्पेन हा शब्द छापण्याचा अधिकार त्या पेढीलाही नाही.