नवं घर खचलं तर जबाबदारी कुणाची?

करी रोड स्टेशनच्या आसपास जुन्या चाळी आहेत आणि त्यांच्या शेजारीच गिरण्यांच्या जागेवर उठलेले टॉवर आहेत. त्या चाळींतल्या खोल्या सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातल्या माणसांनी गिरणीच्या पगारावर सांभाळल्या. चाळ पाडून नवी इमारत झाली की त्या खोलीच्या जागी फ्लॅट मिळतो आणि वारस म्हणून गावाकडच्या बाईचंही नाव कागदावर येऊ शकतं. शिवाय तालुक्याच्या गावी फ्लॅट घेणाऱ्या किंवा ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याही आपल्यात कितीतरी जणी आहेत. म्हणून आजचा विषय तुमच्या-माझ्या घरातलाच आहे. नव्या घराला तडे गेले, पाया खचला, तर खर्च कुणी करायचा?

घर बघायला गेलो की आपण ओटा बघतो, फरशी बघतो, रंग बघतो. पाया जमिनीखाली असतो, तो दिसत नाही. भराव टाकलेली जमीन नीट दाबली नाही किंवा पाया कठीण थरापर्यंत नेला नाही, तर घर हळूहळू बसतं. मुंबईत समुद्र आणि खाड्या बुजवून तयार केलेली जमीन पुष्कळ आहे, तिथे ही काळजी जास्त घ्यावी लागते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम भरला नाही तर पायाही तिच्याबरोबर हलतो. सगळं घर सारखं बसलं तर फार बिघडत नाही. एक कोपरा जास्त बसला की भिंत फाटते.

केसासारखी बारीक चीर बहुधा गिलाव्याची असते. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा आणि रुंद होत जाणारा तडा, अचानक अडकू लागलेलं दार, एका बाजूला कललेली फरशी, ही लक्षणं दिसली तर अंगावर काढू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि फोटो काढा. महिन्याने तडा खुणेपुढे गेला असेल तर तो वाढतोय. खांबाला किंवा तुळईला मोठा तडा दिसला तर महिनाभर थांबू नका, लगेच इंजिनिअरला बोलवा.

नवी इमारत म्हणजे भक्कमच, असं मानून चालत नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यात महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली. ती उभी राहून दहा वर्षंही झाली नव्हती. त्या प्रकरणात बिल्डरसह इतरांवर गुन्हा दाखल झाला. पण माणूस गेल्यावर झालेला गुन्हा काय कामाचा? त्याआधी आपल्या हातात काय आहे, ते बघू.

पहिला आधार २०१६ च्या रेरा कायद्याचा. त्याच्या कलम १४ मध्ये म्हटलंय की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या बांधणीत, कामात किंवा दर्जात दोष आढळला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्याने ३० दिवसांत तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा. केला नाही तर भरपाई मागता येते. महाराष्ट्रात ही तक्रार महारेराकडे ऑनलाइन करता येते, तिची फी ५,००० रुपये आहे. एकटीने करा किंवा सोसायटीने मिळून करा.

यात दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली, पाच वर्षांच्या आत कळवलं पाहिजे, तेही लेखी. “साहेब, बघतो म्हणाले होते” हे बोलणं पुढे सिद्ध करता येत नाही. दुसरी, घरात परवानगीशिवाय खांब, तुळई किंवा नळाच्या लाइनी फोडल्या असतील तर बिल्डर तिकडेच बोट दाखवतो.

चाळीच्या जागी घर मिळणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. त्यांनी घर विकत घेतलेलं नसतं, त्यामुळे वाद निर्माण होऊ शकतो. म्हणून चाळ रिकामी करण्याआधीच करारात लिहून घ्या: ताब्यापासून पाच वर्षं दोषदुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने.

आता गावातलं घर. स्वतःच्या जागेत ठेकेदाराने बांधलेल्या एकट्या घराला रेरा लागू होत नाही. तिथे ग्राहक कायदा उपयोगी पडतो. घर बांधून देणं ही सेवा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. माहिती हवी तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

मग करायचं काय? ताबापत्र, करार आणि पैशांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. ठेकेदाराला रोख पैसे दिले तरी सही घ्या. दोष दिसला की तारीख, जागा आणि फोटो घालून साधं पत्र लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपा. उत्तर आलं नाही तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. दुरुस्ती स्वतः उरकायची घाई करू नका. गिलावा मारून तडा बुजवला की पुरावाही बुजतो. जिवाला धोका असेल तर मात्र आधी घराबाहेर पडा, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की प्रत्येकीला एक प्रश्न विचारा: तुझ्या घराचा ताबा कोणत्या तारखेला मिळाला? जिची पाच वर्षं संपत आली असतील, तिच्या घराच्या भिंती त्याच आठवड्यात चौघींनी मिळून बघून घ्या. मुदत गेल्यावर महारेराकडे हा हक्क मागणं अवघड होतं.