छायाचित्रावरून पर्णपाद ढेकण्यांची ओळख

झाशीच्या सदर बाजारातील एखाद्या परसात दोडक्याच्या वेलीवर टिपलेला ढेकूण असो वा लातूरकडच्या तुरीच्या शेतातला, सल्ला मागताना त्याचे छायाचित्रच आता प्रथम पाठविले जाते. अशा वेळी जातीचे नाव शोधण्यापूर्वी हा कीटक पिकाचा रस शोषणारा आहे की अन्य किडी खाणारा, हे ठरविणे आवश्यक असते. रेड्यूव्हिडी कुळातील शिकारी ढेकूण, विशेषतः त्यांची पिल्ले, पर्णपाद ढेकण्यांसारखी दिसतात आणि फवारणीत मित्रकीटकच मारला जातो. शिकारी ढेकणाची सोंड आखूड, जाड व बाकदार असते. पर्णपाद ढेकण्यांची बारीक, सरळ व पोटाखाली दुमडलेली. केवळ पाठीवरून घेतलेल्या छायाचित्रात ती दिसतच नाही, म्हणून बाजूने घेतलेले छायाचित्र हवेच.

कोरेइडी कुळातील काही जातींच्या मागील पायाची पोटरी पानासारखी पसरट असते, त्यावरून ‘पर्णपाद’ हे नाव पडले. नाव सोयीचे असले तरी फसवे आहे. तुरीच्या कोवळ्या शेंगांतील दाणे शोषून सुरकुतविणारा क्लॅव्हिग्राला गिबोसा याच कुळातला; पण त्याची पोटरी साधी असते. तपकिरी-करडा रंग, खांद्यांवरील टोकदार काटे आणि मागील पायाची गदेसारखी फुगलेली मांडी या त्याच्या खुणा होत. ॲनोप्लॉक्नेमिसच्या नराची मांडी फारच जाड व वाकडी असते, मादीची तशी नसते. त्यामुळे एकाच जातीचे नर-मादी दोन जाती समजले जाण्याचा संभव असतो.

पोटरी खरोखर पानासारखी असल्यास लेप्टोग्लॉसस प्रजातीचा विचार करावा. आपल्याकडे काकडीवर्गीय वेलींवर आढळणाऱ्या लेप्टोग्लॉसस गोनाग्राच्या मानेमागील भागावर नारिंगी-पिवळी, कमानदार आडवी रेघ असते व पोटाकडे नारिंगी ठिपके असतात. भ्रमणध्वनीवरील ओळख-प्रणाली अशा वेळी लेप्टोग्लॉसस फायलोपस हे नाव सुचवू शकते. ती जात अमेरिकेतील असून तिच्या पंखांवर सरळ पांढरा पट्टा असतो. पट्टा नसेल तर ते नाव बाजूला ठेवावे.

कोरेइडीच्या मिशा चार खंडांच्या असतात, तर हिरव्या ढेकण्याच्या पेंटॅटोमिडी कुळात बहुधा पाच. छायाचित्र स्पष्ट असेल तर हे खंड मोजता येतात. रिप्टोर्टस मात्र चकवतो: त्याच्याही मिशा चार खंडांच्या, मांडी काटेरी, पण डोके मानेमागील भागाइतके रुंद असते आणि पिल्ले मुंगीसारखी दिसतात.

क्लॅव्हिग्रालाच्या जवळच्या जाती छायाचित्रावरून वेगळ्या करण्याचा आग्रह धरू नये. अहवालात प्रजातीपर्यंतच नोंद करावी. जात निश्चित करणे आवश्यकच असेल तर दोन-तीन प्रौढ कीटक ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून, पीक, गाव व दिनांक पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकून, कीटकशास्त्र विभागाकडे पाठवावेत. शाईची अक्षरे अल्कोहोलमध्ये पुसली जातात.