उशिरा हजर होणारी डिस्क
जालन्यासारख्या बियाण्यांच्या आणि पोलादाच्या पेठेत, वीज जाऊन परत येताच एखाद्या पेढीचा लिनक्स संगणक आपोआप सुरू होतो, तेव्हा जिच्यावर सारे दप्तर साठवलेले आहे त्या बाह्य यूएसबी डिस्कची तबकडी पूर्ण गतीला पोहोचण्यापूर्वीच तिची हजेरी मागितली जाते. ‘एफएसटॅब’ या फाइलीत तिची साधी नोंद असल्यास संगणक सुरू करणारी ‘सिस्टिमडी’ ही प्रणाली सामान्यतः ९० सेकंद वाट पाहते आणि ती न आल्यास आपत्कालीन अवस्थेत जाऊन थांबते.

नोंदीत ‘नोफेल’ हा पर्याय घातला, की संगणक अडून राहत नाही. मुदतही वाढवता येते. पण खरा धोका इथेच आहे: डिस्क जोडली गेली नसताना बॅकअप निमूटपणे तिच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे आतल्याच डिस्कवर, लिहिला जातो. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टने आरंभीच ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा चालवून खातरजमा करावी.